अर्ध्या गड्यांचं गाव

भिवंडीत दुपारी लाइट गेली की ते डोळ्यांआधी कानांना कळायचं. सकाळपासून चाललेला यंत्रमागांचा खडखडाट आधी एका गल्लीतून थांबायचा, मग शेजारच्या, आणि मग सगळं शहर एकदम गप्प व्हायचं. त्या शांततेत दोन गल्ल्या पलीकडे कुणी बादली खाली ठेवली तरी ऐकू यायची. मागावरचे कामगार बनियनवर बाहेर येऊन उंबऱ्यावर बसायचे. हवेत उडालेली सुताची लव हळूहळू खाली उतरायची आणि उन्हाच्या तिरिपेत ती उतरताना दिसायची.

मी ज्या आठवड्याबद्दल लिहितो आहे, तो मी बराचसा अशा शांततेत काढला. बंद पडलेल्या संगणकासमोर बसून मी एका गावाचा विचार करत होतो. ते गाव जगात कुठेच नव्हतं. तरी ते टिकेल की नाही, याची मला मनापासून काळजी लागली होती, कारण त्या गावावर माझं पुढचं आयुष्य अवलंबून होतं.

जूनमध्ये मी बी. ए. झालो होतो. आमच्या घरात त्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. निकालाच्या दिवशी आईने अंजूरला, आमच्या खाडीकाठच्या गावी, आळीत पेढे वाटले, आणि कुणी विचारलं की ती सांगायची, "बीये झाला. आता हापिसात जाईल." कुठल्या हापिसात, हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही. कॉलेजातल्या मराठीच्या बाईंनी माझी वाक्यं सरळ केली होती, इंग्रजीच्या सरांनी शब्दकोश कसा पाहायचा ते हाताला धरून शिकवलं होतं. त्या दोघांचं ऋण मी आजही मानतो. पण नोकरी काही त्यांच्या हातात नव्हती. पावसाळा गेला, दिवाळी गेली, आणि मी भिवंडीतल्या एका सायबर कॅफेत लोकांचे मराठी अर्ज टाइप करून देत होतो.

शेवटी मामाने मनावर घेतलं. तो काल्हेरला एका गोडाउनमध्ये सुपरवायझर होता. त्याने तिथे चेकरची जागा पाहिली. ट्रक आला की खोके तपासायचे, फुटका माल बाजूला काढायचा, ड्रायव्हरची सही घ्यायची.

"सोमवारपावतर जागा धरून ठेवतो," मामा म्हणाला. "सोमवारी न्हाय आलास तर दुसरा पोरगा लावतील. मंग माझ्या नावानं बोंबलू नको."

मामा प्रेमानेच म्हणाला होता, आणि ते काम वाईट नव्हतं. आमच्या आळीतली निम्मी मुलं तेच करत होती. पण दिवसभराची ड्युटी करून परत आलेली ती मुलं मी रोज पाहत होतो. त्यांतला एक जण शाळेत माझ्यापेक्षा सुंदर निबंध लिहायचा. आता तो जेवताना ताटावरच झोपायचा. मला शब्दांजवळ राहायचं होतं. हे घरात कसं सांगावं, ते मला कळत नव्हतं.

त्याच आठवड्याच्या सुरुवातीला कॅफेच्या मालकाने माझ्यापुढे दोन कागद टाकले. त्याच्या वडिलांचे माग होते. ते विकून याने संगणक घेतले होते. शाळा उर्दूतून झालेली, मराठी बोलायचा झकास, वाचायचा अडखळत. मला तो 'ग्रॅज्युएट साहब' म्हणायचा. त्यात थोडी चेष्टा असायची आणि थोडा अभिमानही.

"देखो ग्रॅज्युएट साहब, किस्मत का कागज है," तो म्हणाला. "मुंबईत माझ्या ओळखीची कंपनी आहे. कॉम्प्युटरचे गेम. तलवार, जादू, राक्षस, सब. हिंदी हो गया, अब मराठी चाहिए. ये दो पन्ने करके दो. पसंद आया तो पूरा गेम तुम्हारा. महीनों का काम, और यहीं बैठके."

"कधीपर्यंत?"

"शनिवारी फोन करेंगे."

शनिवारनंतर दोनच दिवसांनी मामाचा सोमवार होता.

त्या दोन पानांत एका गावाची माहिती होती. दोन टेकड्यांच्या मध्ये, नदीच्या वळणावर ते वसलं होतं. तिथली माणसं आपल्या कमरेइतकी उंच. त्यांना शेती, जेवण आणि गप्पा एवढंच आवडायचं. गावाला तट नाही, खंदक नाही, एकही शिपाई नाही. मधोमध एक जुनं झाड आणि त्याच्या फांदीला एक घंटा. डोंगरात गोब्लिन नावाचे राक्षस राहतात, ते गाव लुटायला येतात. घंटा वाजते. मग प्रत्येक घरातून एक जण गोफण घेऊन बाहेर पडतो, सगळे कुंपणाआड उभे राहतात आणि दगडांचा असा मारा करतात की गोब्लिन पळत सुटतात. हे गाव आजवर कधीच पडलेलं नाही, असं शेवटच्या ओळीत लिहिलं होतं.

पहिली अडचण नावापासूनच होती. त्या छोट्या माणसांना इंग्रजीत हाफलिंग म्हटलं होतं. ते मराठीत जसंच्या तसं लिहिलं तर उत्तरार्धाचा भलताच अर्थ झाला असता, आणि खेळ तर मुलांचा. शब्दकोशात तो शब्द नव्हता. हाफ म्हणजे अर्धा, एवढं धरून मी खूप विचार केला आणि लिहिलं, 'अर्धवटांचं गाव'.

मालकाने माझ्या खांद्यावरून वाकून एकेक अक्षर लावत ते वाचलं.

"अर्धवट? अरे, ये तो गाली है ना? शेजारचे काका मला लहानपणी हेच बोलायचे. 'अर्धवट कुठला!'"

"शिवी नाही हो. म्हणजे… आहे थोडी."

"तो पूरा गाँव येडों का है! फिर बराबर है. गोब्लिन देखेगा और खुद ही भागेगा, के इनके मुँह कौन लगे."

कॅफेत बसलेली दोन-तीन मुलंही हसली. मी तो शब्द खोडला.

दुसरी अडचण मोठी होती. एका वाक्यात म्हटलं होतं की दर 'फॉल'ला गोब्लिन डोंगरावरून खाली येतात. फॉल म्हणजे पडणं, धबधब्याला वॉटरफॉल म्हणतात, हे मला पक्कं माहीत होतं. शब्दकोश उघडायचीही गरज वाटली नाही. मी लिहिलं, 'गोब्लिन दर वेळी डोंगरावरून पडत-झडत खाली येतात.' मग त्या वाक्याकडे बघत बसलो. उतरताना जे धड उभेही राहत नाहीत, त्यांना घाबरून घंटा कशाला वाजवायची? आणि ते येतात तरी कधी? वाटेल तेव्हा येत असतील तर लावणीच्या दिवसांत काय होत असेल? सगळं गाव चिखलात उभं, गोफणी घरी खुंटीला. आणि नदीकाठच्या मऊ जमिनीत एवढे दगड कुठून येतात? आमच्या खाडीकाठी पाखरं हाकायला गोफण लागायची, तेव्हा दगड मिळायचे नाहीत म्हणून आम्ही चिकणमातीचे गोळे उन्हात वाळवून घ्यायचो.

ज्या गोष्टीवर माझा विश्वास बसत नाही ती लिहिताना माझं वाक्य आजही लंगडं पडतं. तेव्हा तर प्रत्येक ओळ अडत होती. लाइट गेली, माग थांबले, आणि मी मालकाला विचारलं, "भाई, हे गाव खरंच टिकेल का हो?"

त्याने प्रश्न गंभीरपणे घेतला, यासाठी मी त्याचा आभारी आहे. पुठ्ठ्याने वारा घेत तो बराच वेळ विचारात पडला.

"टिकेल," तो म्हणाला. "लेकिन गोफन से नहीं. असं बघ, ही छोटी माणसं काय बनवतात? अनाज, लोणी, मध. मोठ्या शहरांना त्यांचा माल लागतो. ज्याचा माल बाजारात चालतो, त्याला लुटलं तर बाजारच बंद. गोब्लिन भी कहीं ना कहीं तो रोटी खाता होगा."

"पण असं त्यात लिहिलेलं नाही."

"लिखने वाले ने कभी धंदा किया होगा क्या?"

संध्याकाळी मी शेअर रिक्षाने अंजूरला आलो. आई ओटीवर सुपात जवळा घेऊन त्यातला कचरा निवडत होती. माझे वडील मी लहान असतानाच वारले. तेव्हापासून घर, दोन तुकडे भातशेती आणि मी, हे सगळं तिनेच ओढलं होतं. माझं तोंड बघून ती म्हणाली, "काय झाला? कागदाला काय लिवलाय? वाच मोठ्यानं."

मी मराठीत सांगत सांगत वाचलं. तिची बोटं चालूच होती.

"म्हंजी राखणीला कोणच न्हाय?"

"घंटा आहे ना."

"घंटा काय आपली आपण वाजते?"

"कुणीतरी वाजवत असेल, आई."

"त्या कुणीतरीला जेवायला कोण घालतो? तो झाडाखाली बसला तर त्याचा शेत कोण करतो? ते लिवलाय का?"

लिहिलेलं नव्हतं. मी पुढे वाचलं. प्रत्येक घरातून एक जण, हे आल्यावर तिचे हात थांबले.

"घरटी माणूस! मंग आपल्यासारखाच हाय की."

आमच्याकडे खाडीला लागून मातीचा लांब बांध होता. तो होता म्हणून भात पिकायचं, नाहीतर खारं पाणी थेट शेतात आलं असतं. उधाणाला बांध फुटून खांड पडली की कुणीतरी पत्र्याचा डबा बडवायचं आणि प्रत्येक घरातून एक माणूस फावडं-घमेलं घेऊन धावायचं. यालाच घरटी माणूस म्हणायचे. हे मला ठाऊक होतं. पुढचं मात्र त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकलं.

"तुझा बाप गेल्यावर पयल्याच उधाणाला डबा वाजला," आई म्हणाली. "घरात बाप्या न्हाय, म्हणून मी गेले. शेजारची काकू पण आलेली, तिचाही तसाच. तिथं एक म्हातारा हजेरी धरायचा. तो बोलला, बाया आल्यात, अर्धा अर्धा गडी धरा. म्हंजी आम्ही दोघी मिळून एक गडी."

"मग?"

"मंग काय! मी बोलले, बरा, मंग एकच घमेला द्या, दोघी मिळून धरू. समदे हसले. पण घमेली दोन दिली हां! काम घेताना दोन, आणि धरताना एक."

ती हसली, मीही हसलो. पण माझं मन त्या दोन शब्दांपाशी अडकलं होतं. अर्धा गडी! हाफलिंगला मराठीत शब्द होता, आणि तो आमच्याच बांधावर पडलेला होता. शिवाय गडी म्हणजे खेळातला भिडूही. मी उठून कागदावर 'अर्धगडी' असं लिहिलं आणि त्या अक्षरांकडे पुन्हा पुन्हा बघितलं.

दुसऱ्या दिवशी कॅफेत गेलो नाही. ऊन कलल्यावर बांधावर गेलो. भातं कापून झाली होती. मोकळ्या शेतांत पिवळी खुटं उरली होती, मधल्या डबक्यांत बगळे उभे होते. भरती हळूहळू वर चढत होती आणि तिचा आवाज इतका बारीक होता, जणू कुणी दूर बसून पाटीवर बोट फिरवत होतं. पलीकडे काल्हेरच्या बाजूला गोडाउनची लांबच लांब पत्र्याची छपरं उन्हात चकाकत होती. मी बांधावर बसून राहिलो, आणि थोड्या वेळाने मला ती माणसं दिसू लागली.

खरं सांगतो, मी झोपलो नव्हतो. कमरेइतकी उंच माणसं बांधाच्या कडेने एका ओळीत उभी होती आणि चिखलाचे गोळे हातोहात पुढे देत होती. ती छोटी, म्हणून एकमेकांना चिकटून उभी. आपल्या एकाच्या जागेत त्यांचे दोघे मावत होते, त्यामुळे गोळा कुठे पडतच नव्हता. त्यांत आई होती, काकू होती, आणि त्या दोघीही तेवढ्याच उंच होत्या. कुणी बोलत नव्हतं. पाणी बांधाला लागलं, क्षणभर थांबलं आणि परत फिरलं. मग ती माणसं हात धुऊन एकेक करत घराकडे निघून गेली, जणू रोजचंच काम उरकलं होतं.

तिथे बसल्या बसल्याच मला माझी खरी शंका सापडली. बांधाची राखण जमते, कारण भरतीला तिथी असते. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण कधी येणार हे सगळ्या गावाला माहीत असतं. त्या दिवशी लोक लांब जात नाहीत, फावडी दाराशी ठेवतात, लवकर जेवून घेतात. समुद्र केवढाही मोठा असला तरी तो सांगून येतो. गोब्लिन वाटेल तेव्हा पडत-झडत येतात. मग हे गाव तयार राहील तरी कसं? वर्षभर कुणी फावडं दाराशी ठेवून जगत नाही.

मी घरी येऊन भाषांतर पुरं केलं. 'प्रत्येक घरातून एक जण' याच्या जागी 'घरटी एक माणूस' लिहिलं, गावाला नाव दिलं 'अर्धगड्यांचं गाव'. मग एका तिसऱ्या कागदावर, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, माझ्या शंका लिहिल्या. भरतीला तिथी आहे, गोब्लिनला तिथी नाही, तरी गाव कसं टिकतं, कृपया खुलासा करावा. नोकरीच्या परीक्षेत असं काही लिहू नये हे मला तेव्हा कुणी सांगितलेलं नव्हतं.

आमचा मराठी फॉन्ट कंपनीच्या संगणकावर उघडेना, नुसते चौकोन दिसायचे. म्हणून मालकाने छापील कागद स्कॅन करून पाठवले. तिसरा कागद पाहून तो म्हणाला, "ये भी भेजूँ? पक्का?"

"हो."

"नोकरी माँग रहा है या उनकी परीक्षा ले रहा है?" पण त्याने तोही पाठवला.

शनिवारी सकाळपासून मी फोनजवळ बसलो होतो. दुपारी लाइट गेली, माग थांबले आणि त्या शांततेत फोनची घंटा एवढ्या मोठ्याने वाजली की बाहेर उंबऱ्यावर बसलेले कामगारही वळून पाहू लागले. मालकाने रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि स्वतः माझ्या कानाला कान लावून उभा राहिला.

पलीकडे एक बाई होत्या. आवाज हसरा होता.

"तुम्हीच का ते तिथीवाले?"

"हो मॅडम."

"अहो, गोब्लिनला तिथी आहे. तुम्हीच ती खाल्लीत!"

"म्हणजे?"

"फॉल म्हणजे शरद ऋतू. तिकडचे पानगळीचे दिवस. ते दर वर्षी शरदात येतात. तुम्ही त्या बिचाऱ्यांना डोंगरावरून पाडलंत. आमच्या ऑफिसात सकाळपासून सगळे पडत-झडत येताहेत."

मला वाटलं, संपलं. उरला तो सोमवारच. तरीही, शरमेने कान तापलेले असतानासुद्धा, डोक्यात ते गाव आपोआप जागेवर बसू लागलं. शरदात येतात! म्हणजे कापणी झालेली, धान्य घरात, माणसं मोकळी. पावसाने कुंपण दाट वाढलेलं. गोफणीचे मातीचे गोळे वाळवायला चांगलं ऊन. चार दिवस घंटेपाशी बसणाऱ्याला घरोघरची भाकर द्यायला जड नाही. मी बांधावर बसलो होतो तेव्हा आजूबाजूला नेमके तेच दिवस होते, आणि मला ते दिसलं नव्हतं.

"मॅडम," मी म्हणालो, "मग ते गाव टिकेल."

"टिकेल ना?" त्या मोठ्याने हसल्या. "बरं वाटलं ऐकून. आता ऐका. तुमचं मराठी मला आवडलं. 'घरटी माणूस' तर फारच छान आहे, ते ठेवायचं. शरद दुरुस्त करा. आणि दुसरं, ते 'अर्धगडी' काढा. हिंदीत आम्ही 'बौने' केलंय, मराठीत 'बुटके' करा. गडी म्हटलं की घरगडी डोळ्यांपुढे येतो. हे मान्य असेल तर पूर्ण खेळ तुमचा."

इथे हो म्हणायचं होतं. मालक माझ्या बरगडीत बोट खुपसत होता. पण माझ्या तोंडून निघालं, "मॅडम, बुटका म्हटलं की त्याची उंची कळते. अर्धा गडी म्हटलं की लोक त्याला किती धरतात, ते कळतं." आणि मी त्यांना आईची, दोन घमेल्यांची गोष्ट सांगितली.

त्या म्हणाल्या, "गोष्ट सुंदर आहे. पण ती कळायला प्रत्येक सीडीबरोबर तुमच्या आईंना द्यावं लागेल. मला दुसऱ्या कुणालाही विचारता येईल, पण तुम्हाला संध्याकाळपर्यंत वेळ देते."

फोन ठेवल्यावर मालकाने कपाळ बडवून घेतलं. "अरे बाबा, काम दरवाजे पे खडा है और तू उसकी हाइट नाप रहा है!"

मी रिक्षात बसलो. वाटेत मी मनाशी पक्कं ठरवत होतो. हा शब्द माझ्या आईचा आहे. तिने तो बांधावर मिळवला. तो एका नोकरीसाठी सोडायचा नाही. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं, आणि काल्हेरचे ट्रक समोरून जाताना दिसले की तितकीच भीतीही वाटत होती.

आई परसात बोंबील वाळत घालत होती. मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग घाल ना बुटके. तुला काम पायजे का शबुद पायजे?"

"पण आई, तो शब्द तुझा आहे."

"माझा?" ती चकित होऊन माझ्याकडे बघू लागली. "माझा कसा? तो त्या म्हाताऱ्याचा. मला अर्धा धरला म्हणून मी तिथं भांडले, आणि तू तोच छापायला निघालास होय?"

मी बोंबलांची टोपली तिच्याजवळ सरकवली.

"तुला सांगताना मी हसले," ती म्हणाली, "म्हणून तुला तो गोड लागला, बाला. तवा गोड न्हवता." मग ओला हात पदराला पुसून तिने बोंबलाची पुढची जोडी दोरीवर टाकली. "आणि बुटका काय वाईट? बुटका असला तरी अख्खा असतो."

त्या पानात प्रत्येक घरातून एक जण येतो असं होतं. कुणी कुणाला अर्धं धरलं असतं, तर त्या कुंपणाआड निम्मी माणसं मनातून घरीच राहिली असती. शरद ऋतूमुळे माझ्या शंका मिटल्या होत्या, पण गाव का टिकतं ते मला त्या वाळत्या बोंबलांच्या वासात उमगलं. तेही एक शब्द सोडावा लागला म्हणून.

मी आल्या पावली परत भिवंडीला गेलो. मालकाने मला पाहताच स्वतःच नंबर फिरवला.

"मॅडम, बुटके," मी म्हणालो.

"नक्की? मन मारून नको."

"नाही मॅडम. तोच बरोबर आहे. अख्खी माणसं आहेत ती."

त्यांना ते काय समजलं असेल कोण जाणे. त्या म्हणाल्या, "मग बाकीची पानं पाठवते." मालकाने फोन माझ्या हातातून घेऊन आधी त्यांचे आभार मानले आणि मग समोरच्या हॉटेलातून सगळ्या कॅफेला चहा सांगितला.

रविवारी मामाला सांगायला काल्हेरला गेलो. त्याने सगळं ऐकलं आणि डोक्यावरची टोपी मागे सरकवली.

"म्हंजी बुटक्यांचा मराठी करायचा, आणि त्याला पगार?"

"हो मामा."

"कॉम्प्युटरसमोर बसून?"

"हो."

"बस मंग. पोट सुटलं तर मला दाखवायला येऊ नको." मग माझ्या पाठीवर थाप मारून तो ट्रककडे वळला, आणि जाता जाता ओरडला, "अरे पण शर्ट तरी नवीन घे, भाच्या!"

त्या कामावर माझे बरेच महिने गेले, आणि त्या पैशांतूनच माझं एम. ए. झालं. तो खेळ मराठीत किती जणांनी खेळला, मला माहीत नाही. मी स्वतः कधी खेळलो नाही; मला तो येतच नव्हता. पण रोज संध्याकाळी घरी आलो की आई जेवायला वाढता वाढता विचारायची, "मंग, आज कोण आला?"

पहिल्या दिवशी एक नावाडी आला होता, जो गाणं म्हटल्याशिवाय कुणाला पार करत नसे. मग एक चेटकीण आली. एके दिवशी मी सांगितलं की आज डोंगराएवढा, आग ओकणारा, पंखांचा सर्प आलाय, आणि तो सोन्याच्या ढिगावर झोपतो.

आई भाताचा डाव हातात धरून विचारात पडली.

"सोनं टोचत न्हाय त्याला?" तिने विचारलं. "खाली थोडा पेंढा तरी घाला म्हणावं."